लिटल वॉल्टरची बारा गाणी आणि माउथ ऑर्गनचा बदललेला आवाज

शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या मालक बंधूंनी १९५८ साली ब्लूज माउथ ऑर्गनवादक आणि गायक लिटल वॉल्टरची पहिली एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर'. पहिलीच एलपी आणि तीच 'निवडक', हा काय प्रकार? उत्तर साधं आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी निघणारं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, तेव्हा सुट्या गाण्यांवर चालायचं. पुढच्या बाजूला एक गाणं, मागच्या बाजूला एक, अशी छोटी रेकॉर्ड निघायची. ती दुकानात विकली जायची आणि बारमधल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं की वाजायची. एलपी हा महागडा प्रकार, जाझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठीचा. वॉल्टरची गाजलेली गाणी १९५२ ते १९५५ या काळात अशीच सुटी सुटी निघाली होती. एलपीचा बाजार वाढायला लागल्यावर कंपनीनं जुना माल गोळा करून शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सची एक आणि वॉल्टरची एक अशा 'बेस्ट ऑफ' एलपी काढल्या. वॉल्टरच्या एलपीचा क्रमांक १४२८ आणि लेबल 'चेकर', म्हणजे चेसचंच धाकटं भावंड.

म्हणजे कुणा कलावंतानं बसून 'आता एक अल्बम करू या' असं ठरवून केलेलं हे कामच नव्हे. तीनेक वर्षांत वेगवेगळ्या बैठकांत रेकॉर्ड झालेली, तीन-तीन मिनिटांची बारा गाणी. त्यातली बहुतेक बिलबोर्ड या संगीतव्यवसायाच्या मासिकाच्या रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत पहिल्या दहांत जाऊन आलेली. तरीही ब्लूज माउथ ऑर्गन शिकणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली कोणती रेकॉर्ड ऐकू, तर बहुधा हिचंच नाव येईल. का, ते समजून घ्यायचं तर आधी वाद्य उघडून बघावं लागेल.

आपल्याला माउथ ऑर्गन माहीत आहे तो मुख्यतः हिंदी सिनेमातून. ही एलपी निघाली त्याच १९५८ साली 'सोलवाँ साल' आला होता. त्यातल्या 'है अपना दिल तो आवारा'मध्ये तरुण राहुलदेव बर्मननी वाजवलेला माउथ ऑर्गन आजही कुणालाही ओळखू येतो. गोड, स्वच्छ, हवेशीर. तो कानात ठेवून वॉल्टरचं 'ज्यूक' लावलं तर हे तेच वाद्य आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. आवाज जाड, खरखरीत, थोडा फाटलेला, आणि चाल सॅक्सोफोनसारखी.

वॉल्टरच्या हातात बहुतेक वेळा असायचा तो दहा भोकांचा साधा माउथ ऑर्गन. जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावच्या होनर कंपनीनं १८९६ पासून विकलेलं 'मरीन बँड' हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल. आत पितळी पत्त्या असतात, पेटीत असतात त्याच जातीच्या. एका भोकात दोन पत्त्या: एक फुंकल्यावर वाजणारी, दुसरी श्वास आत ओढल्यावर वाजणारी. दहा भोकं, वीस पत्त्या.

आता पांढरी एकचा माउथ ऑर्गन घेऊ. दहाही भोकांत फुंकत गेलं तर सा ग प, सा ग प, असंच वर वर ऐकू येतं. श्वास ओढत गेलं तर रे प नि रे म ध नि रे म ध. ही रचना लोकगीतांच्या साथीसाठी केलेली आहे. तोंड रुंद करून एकदम तीन-चार भोकांत फुंका, तयार सुरावट, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते सूर, मिळते. त्या सोयीची किंमत म्हणजे खालच्या सप्तकात म आणि ध नाहीतच. साधी आरोही-अवरोही सरगमसुद्धा खाली पुरी वाजत नाही.

हे अर्धवट वाद्य अमेरिकेच्या दक्षिणेत स्वस्तात पोचलं आणि तिथल्या कृष्णवर्णीय वादकांनी त्याला चक्क उलटं धरलं. म्हणजे वाद्य तेच, पण सा बदलला. माउथ ऑर्गनचा जो प, त्यालाच सा मानायचं. मग दुसऱ्या भोकात श्वास ओढला की सा मिळतो, तिसऱ्यात ग, चौथ्यात प आणि पाचव्यात कोमल नि. ब्लूजचं काम या कोमल नि शिवाय चालतच नाही, आणि तो इथे आयता पडलेला आहे. शिवाय फुंकून जी सुरावट मिळते ती आता मध्यमावरची झाली. ब्लूजचं एक आवर्तन बारा मापांचं असतं, मापाला चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. त्यात पहिली चार मापं षड्जाची सुरावट, पुढे दोन मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची आणि शेवटच्या चारांत पंचमाला जाऊन परत. श्वास ओढला की षड्जाचं घर, सोडला की मध्यमाचं घर. या पद्धतीला वादक 'क्रॉस हार्प' म्हणतात; त्यांच्या बोलीत 'हार्प' म्हणजे माउथ ऑर्गन. 'ज्यूक' याच पद्धतीनं वाजवलंय: माउथ ऑर्गन पांढरी सहाचा, गाणं पांढरी तीनमध्ये.

आणखी एक फायदा आहे आणि तो सगळ्यात मोठा. ओढलेला सूर वाकवता येतो.

इथे जरा थांबू, कारण यातच ब्लूजचा जीव आहे. तिसऱ्या भोकात ओढल्यावर शुद्ध ग येतो आणि फुंकल्यावर सा. ओढता ओढता जीभ मागे खाली नेली, तोंडातली पोकळी मोठी केली, की ग खाली घसरायला लागतो. नीट जमलं तर कोमल ग, रे आणि कोमल रे असे तीन सूर त्या एकाच भोकातून निघतात, जे वाद्यात बसवलेलेच नाहीत. घडतं काय, तर तोंडातल्या हवेचा बदललेला आकार दुसऱ्या, म्हणजे फुंकायच्या पत्तीलाही कामाला लावतो. दोन्ही पत्त्या मिळून मधला सूर काढतात, आणि सूर अगदी तळाशी नेला की आवाजाचा मोठा वाटा त्या गप्प समजलेल्या पत्तीचा असतो. त्यामुळे नियमही सोपा आहे: भोकातल्या दोन सुरांत जेवढं अंतर, तेवढंच वाकवता येतं. चौथ्या भोकात प आणि म. मध्ये एकच जागा, तीव्र म. पाचव्यात दोन सूर इतके जवळ की जेमतेम श्रुतीभर हलतो.

ब्लूजमधला गंधार शुद्धही नसतो आणि पुरता कोमलही नसतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो लोंबकळतो, आणि गाणारा त्याला तिथेच ठेवतो. मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. 'ब्लूज विथ अ फीलिंग'मध्ये गाण्याच्या ओळींना वॉल्टर जे प्रत्युत्तर देतो, त्यात हा गंधार नुसता शोधत बसलं तरी गाणं दोनदा ऐकून होतं.

हे सगळं वॉल्टरच्या आधी होतं, हेही सांगायला हवं. जॉन ली विल्यमसन, ज्याला पहिला सनी बॉय म्हणतात, त्यानं क्रॉस हार्प शिकागोच्या रेकॉर्डांत आणून लोकप्रिय केली. १९४८ साली शिकागोत त्याचा खून झाला. वॉल्टर सुरुवातीला त्याच्यासारखाच वाजवायचा.

वॉल्टर, पूर्ण नाव मॅरियन वॉल्टर जेकब्स, लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा. जन्म १ मे १९३०. पोरवयातच घर सोडलं, न्यू ऑर्लिन्सपासून आर्कन्सॉमधल्या हेलिनापर्यंत रस्त्यावर, बारमध्ये वाजवत फिरला आणि दुसरं महायुद्ध संपता संपता शिकागोत पोचला. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय तेव्हा कारखान्यांच्या शहरांकडे निघाले होते; हा त्यांच्यातलाच एक. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी मोठा बाजार भरायचा. तिथे वादक जवळच्या घरातून वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायर लावायचे आणि गर्दी जमवायचे. १९४७ मध्ये त्याच रस्त्यावरच्या एका रेडिओ-रेकॉर्डच्या दुकानानं वॉल्टरचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. लवकरच तो मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात आला.

आणि तिथे अडचण सुरू झाली. मडीची गिटार इलेक्ट्रिक, सोबत जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, मागे ड्रम, समोर दारू पिऊन मोठमोठ्यानं बोलणारं गिऱ्हाईक. हातात मावणाऱ्या माउथ ऑर्गनचा आवाज त्यात जाणार कुठे? गायकाच्या माइकसमोर उभं राहून वाजवणारे होते. वॉल्टरनं माइकच उचलून हातात घेतला. या माइकची जात ठरलेली: मुठीत मावेल असा गोळीच्या आकाराचा, भाषणांसाठी आणि घोषणांसाठी बनवलेला, स्वस्तातला. माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही एकाच ओंजळीत, आणि ओंजळ घट्ट बंद. वायर जायची छोट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला.

आता बघा, याचे परिणाम किती होतात. ओंजळ बंद असल्यामुळे कानाला टोचणारा वरचा भाग कापला जातो आणि मधला, घशाचा भाग उरतो. माइकवर हवेचा दाब थेट पडतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल जातो. गणपतीच्या मांडवातला छोटा कर्णा आवाज वाढवल्यावर जसा फाटतो, तसा हाही फाटतो. फरक इतकाच की व्हॉल्व्हचं फाटणं कानाला गोड लागतं, कारण त्यात मूळ सुराच्या पटीतले नवे सूर मिसळतात आणि आवाज भरून येतो. शिवाय मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी होतं. नुसता श्वास हलका ओढला तरी सूर अख्ख्या खोलीत जातो. मग जोर लावायची गरजच राहत नाही, आणि जोर नको म्हणजे लांब, वळणावळणाच्या ओळी एका दमात घेता येतात. सॅक्सोफोनवाले घेतात तशा. वॉल्टरला लुई जॉर्डनसारख्या सॅक्सोफोनवाल्यांच्या जंप संगीतातले, म्हणजे उसळत्या नाचाच्या ब्लूजमधले, सॅक्सोफोनचे तुकडे आवडायचेच. आता ते वाजवायला वाद्य मिळालं.

आवाज मोठा करायला अ‍ॅम्प्लिफायर वापरणारे त्याच्या आधीही होते. फाटका आवाज हा दोष न मानता मुद्दाम घडवणारा, बोटं किंचित उघडून-मिटून त्याचा रंग बदलणारा वादक म्हणून मात्र वॉल्टरचंच नाव घ्यावं लागतं. मडीच्या जुलै १९५१ च्या 'कंट्री बॉय'मध्ये त्याचा हा विजेवरचा माउथ ऑर्गन रेकॉर्डवर पहिल्यांदा ऐकू येतो. माझ्या मते इथून पुढे त्याचं वाद्य नुसता माउथ ऑर्गन राहिलं नाही. माउथ ऑर्गन, ओंजळ, माइक, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं मिळून एक वाद्य. एलपी ऐकताना हे धरून चाललं की बाकीचं आपोआप उलगडतं.

१२ मे १९५२. मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणाची वेळ, त्यात वॉल्टरला आपली दोन गाणी करायची संधी मिळाली. त्यातलं एक म्हणजे मडीचा वाद्यवृंद कार्यक्रमात वाजवायचा ती शब्दांविनाची धून. तिला नाव दिलं 'ज्यूक'. वर चढत जाणारा एक छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा. खाली दोन गिटारींचा डुलता ठेका. मग प्रत्येक आवर्तनात नवीन कल्पना. पावणेतीन मिनिटांच्या आसपास खेळ खलास. रिदम अँड ब्लूज यादीत ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. रेकॉर्ड चढत होती तेव्हा वॉल्टर मडीबरोबर लुइझियानाच्या दौऱ्यावर होता. ज्यूकबॉक्समधून आपलीच धून येतेय हे कळल्यावर त्यानं दौरा अर्ध्यावर सोडला आणि शिकागो गाठलं. मडीची अडचण झाली असणार; पण बाविशीत हे असं घडल्यावर कोण थांबेल?

शिकागोत 'द एसेस' नावाचा तरुण वाद्यवृंद होता: लुई आणि डेव्हिड मायर्स हे दोन गिटारवाले भाऊ, आणि ड्रमवर फ्रेड बिलो. त्यांचा माउथ ऑर्गनवाला ज्युनिअर वेल्स मडीकडे गेला आणि वॉल्टर त्यांच्याकडे आला. सरळ अदलाबदल. ही अदलाबदल झाली नसती तर ही एलपी अशी झाली नसती. बिलोला जाझचं अंग होतं. त्याचा ठेका हलका, उसळता, आणि वॉल्टरच्या आडव्यातिडव्या ओळींना जागा देणारा.

एलपीवर गाणी काळाच्या क्रमानं लावलेली नाहीत. पहिली बाजू सुरू होते १९५५ च्या 'माय बेब'नं आणि 'ज्यूक' मिळतं दुसऱ्या बाजूच्या तोंडाला. दुकानदारीच्या दृष्टीनं ठीकच, दोन्ही बाजू पहिल्या क्रमांकाच्या गाण्यानं उघडतात. पण समजून घ्यायचं असेल तर क्रम बदलून ऐका. आधी 'ज्यूक' आणि त्याच्याच पाठीवरचं 'कान्ट होल्ड आउट मच लाँगर'. मग त्याच वर्षीची दुसरी जोडी, 'सॅड अवर्स' आणि 'मीन ओल्ड वर्ल्ड'. १९५३ ची 'ऑफ द वॉल', 'टेल मी मामा' आणि 'ब्लूज विथ अ फीलिंग'. त्यानंतर 'यू आर सो फाइन', 'यू बेटर वॉच युअरसेल्फ', 'ब्लू लाइट', 'लास्ट नाइट', आणि शेवटी 'माय बेब'.

नाव 'ज्यूक'चं होतं, पण एकच धून निवडायची तर मी 'सॅड अवर्स' निवडेन. शब्द नाहीत, घाईही नाही. एक सूर धरायचा, तो कापऱ्या श्वासानं हलवायचा आणि सोडून द्यायचा. आणि त्या सुराला मागून प्रतिध्वनी चिकटलेला. स्टुडिओच्या खोलीचा हा खेळसुद्धा वॉल्टरच्या आवाजाचा भाग झाला होता.

'ब्लू लाइट' अवघड आहे. पहिल्यांदा ऐकताना काय चाललंय ते कळत नाही, कारण एकाच धुनेत वॉल्टर माउथ ऑर्गन बदलत राहतो, आणि त्यातला एक क्रोमॅटिक जातीचा आहे. क्रोमॅटिक म्हणजे बाजूला खटका असलेला, दाबला की सूर अर्ध्यानं चढतो; हिंदी सिनेमातला गोड माउथ ऑर्गन बऱ्याचदा हाच. वॉल्टर मात्र त्याला ब्लूजसाठी राबवतो. जिभेनं मधली भोकं झाकायची आणि ओठांच्या दोन्ही कडांनी वाजवायचं, म्हणजे खालचा आणि वरचा असा एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजतो. आवाज पेटीचा भाता ओढल्यासारखा रुंद होतो. शिकणाऱ्यांनी ही धून शेवटी ठेवावी.

त्याच्या गाण्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि ते मला खटकतं. आवाज मोठा नाही, मडीसारखा दरारा नाही. पण तो बोलल्यासारखा गातो, आणि 'लास्ट नाइट'सारख्या संथ गाण्यात हेच कामाला येतं. माणूस गमावल्याचं दुःख आहे, पण ओरड नाही. दोन ओळींच्या मध्ये माउथ ऑर्गनही तसाच, मोजकं बोलणारा. 'मीन ओल्ड वर्ल्ड' मुळात टी-बोन वॉकरचं, गिटारवाल्याचं गाणं. ते ऐकून मग वॉल्टरचं ऐकलं तर गिटारच्या जागा त्यानं श्वासानं कशा भरल्या ते दिसतं.

'माय बेब'ची गोष्ट वेगळी. 'धिस ट्रेन' हे चर्चमधलं जुनं भक्तिगीत. देवाकडे जाणाऱ्या गाडीत कोण बसेल आणि कोण नाही, असं सांगणारं. चेससाठी गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सननं त्याच चालीवर प्रेयसीचं कौतुक बसवलं: तिला फसवाफसवी चालत नाही, वगैरे. वॉल्टरला हे गाणं सुरुवातीला पटलं नव्हतं, असं डिक्सन पुढे सांगायचा. ते १९५५ मध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मला ते बारांत सगळ्यात गोड आणि सगळ्यात कमी खोल वाटतं, पण कुणाला पहिल्यांदा वॉल्टर ऐकवायचा तर मीही हेच लावीन.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली नाहीत. रॉक अँड रोल आलं, तरुण गिऱ्हाईक तिकडे वळलं. वॉल्टरचं पिणं आणि भांडणं वाढली; चेहऱ्यावर व्रण होते. तो साठच्या दशकात युरोपात दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या गोऱ्या पोरांना त्याच्या रेकॉर्डी पाठ होत्या, पण वाजवणारा थकला होता. १५ फेब्रुवारी १९६८ ला, एका मारामारीनंतर, तो झोपेतच गेला. वय ३७. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याला २००८ मध्ये घेतलं, तेही साथीदारांच्या विभागात. ज्याच्या नावावर पहिल्या क्रमांकाची दोन गाणी आहेत, त्याला साथीदार म्हणणं मला अजून समजलेलं नाही. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडनं २०१६ मध्ये काढलेल्या ब्लूजच्या अल्बमात बारापैकी चार गाणी वॉल्टरच्या रेकॉर्डींवरून घेतलेली आहेत, अल्बमचं नावसुद्धा त्याच्याच गाण्याचं.

एलपी आवडली तर पुढे काय? 'की टू द हायवे' हे जुनं गाणं वॉल्टरनं १९५८ मध्ये गाजवलं, पण या बारांत ते नाही. ते वेगळं शोधून ऐकावं. सगळंच हवं असेल तर त्याच्या चेसच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा पाच सीडींचा संच २००९ साली निघाला आहे. त्यात तेव्हा बाजूला ठेवलेल्या, पुरत्या न जमलेल्या फेऱ्याही आहेत. त्या ऐकताना कळतं की जे सहज सुचल्यासारखं वाटतं, ते त्यानं एका फेरीत एक, दुसऱ्या फेरीत दुसरं असं बदलत, पारखत बसवलेलं होतं.